एका दोराचं पाणी

आमच्या ह्यांचं एक प्रवचन मला तोंडपाठ होतं. पाळकाच्या बायकोला नवऱ्याची सगळीच प्रवचनं हळूहळू पाठ होतात, त्यात भक्ती कमी आणि सवय जास्त. पण हे एक खास होतं. ज्या गावी बदली व्हायची तिथं पहिल्या महिन्यात ते व्हायचंच. चौथ्या शुभवर्तमानाचा लेखक चमत्कारांना चमत्कार म्हणत नाही, चिन्ह म्हणतो, इथून सुरुवात. मग काना गावचं लग्न आणि पाण्याचा द्राक्षारस. मग पाच भाकरी. मग तळ्याकाठचा पांगळा. आणि शेवटी पाटी.

"फाट्यावर पाटी असते," हे म्हणायचे. "तिच्यावर गावाचं नाव असतं आणि बाण असतो. पाटी खोटी नसते, चांगली लोखंडाची असते. पण पाटीखाली वळकटी सोडून कुणी म्हणतं का, पोचलो एकदाचे गावाला? चमत्कार बघून तिथंच बसणारा माणूस पाटीखाली झोपलेला असतो. चिन्ह पुढं जायला सांगतं."

लोक माना डोलवायचे. आणि प्रार्थनेची वेळ आली की तेच लोक उठून चमत्कार मागायचे. आटलेली म्हैस दूध देऊ दे, रुसलेला जावई येऊ दे. हे घरी येऊन चहाचा कप हातात धरून बसायचे. मी म्हणायचे, "अहो, पाटीखाली सावली असते. उन्हातनं आलेला माणूस बसणारच की." त्यावर हे चहा बशीत ओतून फुंकत राहायचे, आणि मला तेवढंच बरं वाटायचं.

औशाच्या अलीकडच्या त्या गावात आमची बदली झाली तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. रस्त्यावरच्या पाट्यांवर नवा रंग होता. त्याखालून जुन्या जिल्ह्याची अक्षरं अजून डोकं वर काढत होती. गावात बाकी काही बदललं नव्हतं. उलट पावसानं पाठ फिरवली होती, जनावरं बाजाराला निघाली होती आणि अशात आम्ही संसार घेऊन उतरलो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच, असं मी टेंपोतून उतरतानाच म्हटलं. ह्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

माझं माहेर बिलोलीकडचं. तिकडं नद्या आहेत, भात आहे, आणि माणसं चिडली की अर्धी तेलुगूत बोलतात. घागर डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत जायचं, टँकरची वाट बघत उन्हात बसायचं आणि तो न येताच परत यायचं, हे मला तिथं कुणी शिकवलं नव्हतं. त्या गावात मी शिकले. कंबर दुखायची, मान दुखायची, आणि घरी येऊन बघावं तर हे पुस्तकात डोकं घालून बसलेले. मी तेलुगूत दोन शब्द बोलायचे. ह्यांना ती भाषा येत नव्हती, देवाची कृपा.

आमची वस्ती, म्हणजे ख्रिस्ती वाडा, गावाच्या खालच्या टोकाला होती. मातीच्या भिंती आणि वर पत्रे असं देऊळ, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, त्याला लागून आमच्या दोन खोल्या, मागे एक जुनी विहीर. शेजारी बौद्धवाडा. वर मूळ गाव, शेतीवाल्यांचं. आमच्या विहिरीला वरच्या गावातल्या कुणी कधी तोंड लावलं नव्हतं. आता तर ती कोरडी ठणठणीत होती, आणि खाली बघितलं की तळाची कपार आणि कुणाची तरी तुटकी चप्पल दिसायची.

बायकांच्या घरसभेत एकदा मी काना गावच्या लग्नाची गोष्ट सांगत होते. सहा मोठे दगडी रांजण, प्रभूनं सांगितलं काठोकाठ भरा, चाकरांनी भरले. एक बाई मधेच म्हणाली, "पाळकीणबाई, सहा रांजण भराया पानी कुठनं आणलं आसंल वो त्या चाकरांनी?" सगळ्या हसल्या. मग हसू थांबलं, कारण प्रत्येकीला ते रांजण दिसले. द्राक्षारसाचं कुणालाच काही वाटलं नाही. मीही पुढचं सांगायचं सोडून दिलं.

आमच्या देवळाच्या मंडळीत एक सून होती. विशीतली असेल. नवरा ऊसतोडीला गेलेला. सासू विधवा, अंगानं काटक, वाड्यात तिचा शब्द चालायचा. देऊळ झाडायचं काम तिचं. ते ती कुणाला करू द्यायची नाही. सुनेला टीबी झाला होता. तिची घागर वेगळी, ताट वेगळं, अंथरूण गोठ्याच्या कडेला पत्र्याखाली. टँकरपाशी ती लांब उभी राहायची. सगळ्यांचं भरून झालं की कुणीतरी वरून तिच्या घागरीत पाणी ओतायचं. त्या ओतणाऱ्यांच्या आज्यांना एके काळी वरच्या गावातल्या बायका असंच लांबून पाणी ओतत होत्या, आणि त्या गोष्टी या बायका अजून रडून सांगायच्या. हे बघून माझं डोकं फिरायचं. पण मी नवखी, आणि पाळकाची बायको. भांडायची सोय नाही.

नवा जिल्हा झाल्याचा आम्हाला एकच फायदा झाला. तिच्या सुया लातूरच्या सरकारी दवाखान्यात मिळू लागल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं जायचं. पहिल्या काही खेपांना मी सोबत गेले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, औषध मधेच सोडलं तर रोग दुप्पट जोरानं उठतो, मग या सुयाही लागू पडत नाहीत आणि माणूस हातचा जातो. नीट चालू ठेवलं तर बरी होईल, आणि थोड्या आठवड्यांत तिचा दुसऱ्याला संसर्गही होणार नाही. मी आल्या आल्या सासूला सांगितलं. ती म्हणाली, "डाक्टर काय हितं ऱ्हायला येनार हाय व्हय?"

थंडी संपता संपता ह्यांनी पावसासाठी उपवास-प्रार्थना ठेवली. लोकांनी मागितली म्हणून ठेवली. ह्यांचं मत असं, की जे रोज उपाशीच आहेत त्यांना उपास कसला सांगायचा. तरी शुक्रवारी सगळे जमले, गुडघे टेकले, रडले. आणि पुढच्या आठवड्यात एके दिवशी सकाळी सासू झाडू घेऊन मागच्या अंगाला गेली ती तिथंच उभी राहिली. मला वाटलं साप निघाला. मी गेले. विहिरीच्या तळाला आभाळ दिसत होतं. तुटकी चप्पल तरंगत होती.

"आलं," सासू एवढंच म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

दुपारपर्यंत पाणी हातभर चढलं. संध्याकाळी चांगलं कमरेएवढं झालं. चमत्कार हा शब्द त्या दिवशी मी जितक्यांदा ऐकला तितक्यांदा ह्यांनी तो आयुष्यभरात प्रवचनात टाळला नसेल. बौद्धवाड्यातून बायका आल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या गावातले पाटील स्वतः आले, आवाराबाहेर चपला काढल्या, विहिरीत वाकून बघितलं आणि हात जोडले. "देवाचं पानी हाय," ते म्हणाले. "त्याला आमचं तुमचं काय." मग त्यांच्या घरच्या बायका आल्या. पाटलीणबाई आमच्या आवारात घागर टेकवून उभ्या राहिल्या तेव्हा आमच्या बायकांनी पदर सावरले. आपण कुणाच्या घरी गेलो आहोत की कुणी आपल्या घरी आलंय, हे त्यांना कळेना.

बौद्धवाड्यात शाळेचे एक गुरुजी राहायचे, ह्यांचे मित्र. संध्याकाळी चहाला यायचे. ह्यांनी त्यांना विचारलं, "गुरुजी, तुमचं काय मत?" गुरुजी म्हणाले, "आमाला चमत्कार चालत न्हाई, पाळकसाहेब. पानी चालतंय."

पहिले दोन-चार दिवस प्रत्येक वस्तीनं आपापला दोर आणि पोहरा आणला. पण विहिरीला चाक एकच. काठावरून टाकलेले दोर एकमेकांत गुंतायचे, पोहरे आपटायचे, अर्धं पाणी वाटेतच सांडायचं. सांडलेलं पाणी बघवत नाही अशा दिवसांत. मग कुणी ठरवलं नाही, कुणी बोललंही नाही, पण चाकावर एकच दोर राहिला, आमच्या देवळाचा, आणि जिची पाळी ती तोच ओढू लागली. पाटलीणबाईंनी ओढून झाला की गुरुजींच्या घरच्या, मग आमच्यातली कुणी. मी खिडकीतून बघायचे. खोटं कशाला सांगू, मला रडू यायचं. त्यातलं अर्धं कंबरेला आराम पडल्याचं होतं.

हे मात्र काळजीत पडले. मंडळी म्हणाली, मोशेनं खडकातून पाणी काढलं त्यावर बोला. हे विषय बदलायचे. एके दिवशी सकाळीच छत्री घेऊन निघाले. मी विचारलं, कुठं? म्हणाले, "आडात नव्हतं ते पोहऱ्यात आलं कुठून, तेवढं बघून येतो." दुपारी परतले तेव्हा चपला ओल्या चिखलाच्या होत्या. त्या वर्षी चिखल बघायला मिळणं हीच बातमी होती.

गावाच्या वरच्या अंगानं नव्या सरकारी वसाहतीसाठी पाइपलाइन टाकलेली होती. ओढ्याजवळ एका सांध्यातून ती गळत होती. तिथं हिरवं गवत उगवलं होतं, आणि पाणी मुरमातून झिरपत सरळ आमच्या अंगाला उतरत होतं. ह्यांनी पेल्यात विहिरीचं पाणी घेऊन माझ्या नाकाशी धरलं. पावडरचा वास येत होता, जंतू मारायला टाकतात त्या पावडरचा. तो मलाही आधीच आला होता. मी तो वास घ्यायचं टाळलं होतं एवढंच.

"आता?" मी म्हणाले.

"आता काय. सांगायला पाहिजे."

मी त्यांच्यावर अशी चिडले की तेलुगू पुरी पडेना. "सांगा आणि घालवा पाणी. उद्या साहेब येईल, सांधा बुजवेल, आणि मी परत फाट्यावर. तुमच्या डोक्यावर घागर नसते म्हणून सत्य हलकं वाटतं."

ह्यांनी पेला जपून खाली ठेवला. मग म्हणाले, "लोक ह्याच्यावर विश्वास ठेवून बसलेत गं."

"बसू दे. पाणी भरतायत, कुणाचं वाईट करत नाहीत."

खोटं बोलायचं नाही, पण न विचारता खरंही सांगायचं नाही, एवढी तडजोड त्यांनी माझ्यासाठी केली. ती त्यांना मानवत नव्हती. प्रवचनं कोरडी पडली. जेवताना समोरच्या पेल्याकडे बघत बसायचे.

आमच्या मंडळीत साक्ष द्यायचा रिवाज आहे. उपासनेत कुणीही उठावं आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगावं. साक्ष चालू असताना कुणी मधे बोलत नाही, आणि झाल्यावर कुणी उलटून विचारत नाही. एकदा दिली की ती वाड्याच्या मालकीची होते. त्या रविवारी मागच्या कोपऱ्यात, दाराबाहेर बसणारी ती सून उठली आणि आत आली. पदर नीट घेऊन म्हणाली, "म्या ह्या हिरीचं पानी पिले. परभूनं मला बरं केलं."

सगळे आमेन म्हणाले. सासूनं डोळे पुसले. उपासना संपल्यावर सासू तिला स्वतः विहिरीपाशी घेऊन गेली आणि सगळ्यांसमोर चाकावरचा दोर तिच्या हातात दिला. त्या पोरीनं पहिला पोहरा असा ओढला, जसं काही दोराच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवराच होता. त्या दिवसापासून तिची घागर ओळीत मधे आली. ताटही बहुतेक आत गेलं असावं. मला इतकं बरं वाटलं की खोकला कुठं गेला हे विचारायचं राहून गेलं.

खोकला कुठं गेला नव्हता. देवळाच्या मागच्या भिंतीआड जाऊन ती तोंडात पदर कोंबून खोकायची. एके सकाळी शेण आणायला गेले तेव्हा मी ते पाहिलं. पदरावर लाल होतं. मी विचारलं, सुईला कधी गेली होतीस? ती म्हणाली, "आता कशाला? बरी झाले की." साक्ष दिल्यापासून ती एकदाही एसटीत बसली नव्हती.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. यावेळी मी भांडले नाही. विहीर खिडकीतून दिसत होती आणि चाकाचा आवाज येत होता. हे म्हणाले, "रविवारी बोलतो." मी म्हणाले, "रविवारची वाट बघताय? आजच तिच्याशी बोला." ते म्हणाले, "तिच्याशी बोलून काय होणार? साक्ष सगळ्यांसमोर दिली आहे. ती एकटी कशी परत घेईल?" ते खरं होतं. तरी मी दोन दिवस तिच्या मागे लागले. सासूलाही सांगितलं. सासू म्हणाली, "पाळकीणबाई, तुमचाच इस्वास कमी हाय."

रविवारी हे तळ्याकाठच्या पांगळ्यावर बोलले. यरुशलेमात एक तळं होतं, त्याचं पाणी हललं की पहिला उतरेल तो बरा होतो असं लोक म्हणत. तो पांगळा वर्षानुवर्षं काठावर पडून होता. प्रभूनं विचारलं, बरं व्हायचंय का? तर त्यानं पाण्याबद्दल तक्रार केली नाही. म्हणाला, मला पाण्यापर्यंत न्यायला कुणी माणूस नाही. हे म्हणाले, "आणि प्रभूनं त्याला पाण्यात उतरवलंच नाही, तिथंच उभं केलं. पाणी आपल्या जागी राहिलं." इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. मग ह्यांनी पुस्तक मिटलं. "आपल्या विहिरीत जे आलंय ते वरच्या पाइपाचं आहे. मी स्वतः बघून आलोय. त्या पाण्यानं तहान भागते, रोग बरा होत नाही. ज्याचं औषध चालू होतं त्यानं ते सोडू नये. सोडलं तर जीव जाईल."

त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. पण सगळ्यांनी मागे वळून तिच्याकडेच बघितलं. ती उठली आणि बाहेर गेली. साक्षीला उलटून बोलणारा पहिला माणूस पाळकच निघावा, हे आमच्या लोकांना पचणारं नव्हतं. सासू शेवटच्या प्रार्थनेला थांबली नाही.

संध्याकाळी पाटील आले. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. पाटील ओट्यावर बसले, तंबाखू मळत म्हणाले, "पाळकसाहेब, पाइपाचं पानी हाय हे आमाला पयल्या दिशीच कळालं हुतं. वास येतोय की. आमी काय नाकं गहाण टाकलीत व्हय?"

हे बघतच राहिले. "मग देवाचं पाणी म्हणालात ते?"

"गळती हाय म्हनलं तर साहेब येऊन बुजवतोय. देवाचं हाय म्हनलं तर साहेबबी जरा भितंय. तेवढंच चार दिस जास्त." पाटलांनी तंबाखू तोंडात टाकली. "तुमी लई शिकलेले. आमाला वाटलं, तुमालाबी ठावं आसंल आनि तुमी मुद्दाम गप हाव."

पाटील गेल्यावर मला हसू फुटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ज्यांच्या श्रद्धेला धक्का लागू नये म्हणून हे वाळून चालले होते, त्या गावानं चमत्काराची पाटी स्वतःच रंगवून विहिरीवर ठोकली होती. हे हसले नाहीत. म्हणाले, "आणि ती पोरगी?"

मी तिच्याकडे गेले. अंथरूण पत्र्याखाली परत आलं होतं. ती माझ्याकडे बघेना. मी म्हणाले, उद्या एसटीनं जाऊ, सुया परत सुरू करू, पाण्यानं कुणी बरं होत नाही गं. तेव्हा ती बोलली, एकदाच, पण सगळं बोलली.

"तुमाला काय वाटलं, पाळकीणबाई, मला कळत न्हाई? पान्यानं काय हुतंय? खोकला येतोच की. पर बरी झाले म्हनलं तवा सासूनं दोर हातात दिला. सुईला गेले आसते तर म्हनल्या आसत्या, बरी झालीस तर सुई कशाला? सोड दोर. सुई घ्यायची का दोर धरायचा, येवढंच हुतं. म्या दोर धरला. आता तुमी त्योबी घालवला."

मी तिथंच मातीत बसले. घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळत राहिले. "पाणी कुठून आलं ते बघायला मी ओढ्यापर्यंत गेलो," ते म्हणाले. "दोर कुणाच्या हातात गेला ते इथंच होतं." त्या क्षणी मला त्यांची दया आली आणि रागही आला. राग जास्त आला.

सांधा बुजवायला माणसं आलीच. कुणी सांगितलं कळलं नाही. वसाहतीत पाणी कमी पडत होतं, तक्रारी होत्याच. पण गावानं आळ आमच्यावर घेतला, आणि घेणारच. पाणी उतरत गेलं, चप्पल परत तळाला टेकली. पाटलीणबाई यायच्या बंद झाल्या. देवळाचा दोर चाकावरून काढून मी खुंटीला टांगला. टँकर परत सुरू झाला, मी परत फाट्यावर. मंडळीतल्या बायका माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. सासू देऊळ झाडायची, पण आमच्या दाराकडे पाठ करून.

ती पोरगी सुईला आली. का आली, मला माहीत नाही. मी तिच्या पत्र्यापाशी जाऊन उभी राहिले, म्हणाले, बोलू नकोस, नुसती चल, आणि ती उठली. मग सगळा उन्हाळा आम्ही दोघी एसटीत शेजारी बसून जात राहिलो आणि ती एक शब्द बोलली नाही. खिडकीबाहेर पाट्या जायच्या. टँकरपाशी ती लांब उभी राहायची तिथं मी माझी घागर घेऊन उभी राहू लागले. त्यात मोठेपणा काही नव्हता. बाकीच्या ओळीत मला तरी कुठं जागा होती? आम्हा दोघींचं शेवटी भरायचं. काही दिवसांनी गुरुजींच्या घरच्याही तिथं येऊन उभ्या राहू लागल्या. म्हणाल्या, "हितं वारं लागतंय जरा." वारं काही लागत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात बरं पाऊसमान झालं. विहिरीला तिचं स्वतःचं पाणी आलं, मचूळ, बिनवासाचं. आता त्याला कुणी चमत्कार म्हटलं नाही. वरच्या गावाच्या विहिरींनाही पाणी आलं, त्यामुळे वरचं कुणी आमच्याकडे आलं नाही. आमच्या बायका आपापले दोर आणू लागल्या. पोरीच्या अंगावर मांस चढलं होतं. औषधं अजून चालू होती, पण डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून मान डोलावली, म्हणाले, आता भीती नाही. नवरा ऊसतोडीवरून आला तर तिला ओळखेना, असं वाड्यात हसून सांगत होते. हे तिला म्हणाले, "उपासनेत दोन शब्द बोलशील का?" ती म्हणाली, "येकदा दिली की साक्ष." हे ओशाळून परत आले.

मग आमची बदली झाली, नांदेड जिल्ह्यात, माझ्या माहेराच्या जवळ. टेंपो सकाळीच आला. निरोपाला फार कुणी जमलं नाही. गुरुजी आले, त्यांनी कपाट चढवायला हात लावला. हे टेंपोत उभं राहून सामानावरून दोर आवळत होते, तो देवळाचाच जुना दोर, आता विहिरीला नको होता. मी घर झाडून मागच्या अंगाला गेले.

विहिरीवर दोन-चार बायका होत्या. पोरगी पाणी ओढत होती. सासू रानातून आली, डोक्यावर गवताचा भारा, तोंड उन्हानं काळं पडलेलं. भारा टाकला आणि विहिरीपाशी आली. रानात जाताना भरून ठेवलेला तिचा स्वतःचा पोहरा बाजूला होता. तिनं तो बघितला. मग खाली वाकली आणि सुनेच्या पुढे ओंजळ धरली. सुनेनं आपल्या घागरीतून पाणी ओतलं. सासू घटाघटा प्याली, तोंड पुसलं, परत ओंजळ धरली. बाकीच्या बायका आपापलं पाणी भरत राहिल्या. कुणी आमेन म्हटलं नाही.

पोरीनं मला पाहिलं. वर्षभरानंतर पहिल्यांदा म्हणाली, "घ्या, पाळकीणबाई. लांबचा परवास हाय."

ह्यांना हाक मारावी असं वाटलं. आयुष्यभर ज्याच्यावर बोलले ते ह्यांच्या पाठीमागे विहिरीवर घडत होतं आणि हे तिकडे गाठ मारत होते. पण मी दमले होते, घसा कोरडा पडला होता, आणि तिनं घागर वाकवली होती. मी ओंजळ पुढे केली.